मुरलेलं बीड

डोळा लागतो न लागतो तोच कानात ते सुरू होतं. टक्. टक्. टक्.

लेथ तर बंद आहे. मी स्वतः बटण दाबून बंद केलाय. दुपारची वेळ, पोटात आमटी-भात, पत्र्याच्या शेडमध्ये खाटेवर मी आडवी, आणि चार हातांवर तो लेथ, लोखंड कातायचं यंत्र, गप उभा आहे. त्याच्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत, पुली धरलेली आहे. बिडाची पुली. बीड म्हणजे ओतीव लोखंड, तुमच्या घरी आप्प्यांचा जड काळा तवा असतो ना, तेच. शेवटचा एक कट राहिलाय. उठून चहा घ्यायचा, कट मारायचा, आणि दिवे लागायच्या आत मंदा येऊन पुली घेऊन जाणार.

मंदा माझी पुतणी, थोरल्या जावेची लेक. तिची पिठाची गिरणी आहे. जुनी पुली झिजून गुळगुळीत झाली, पट्टा घसरतो, गिरणी बंद. आणि दिवाळी तोंडावर. भाजणीचे डबे घेऊन बाया दाराशी येतात आणि तोंड वाकडं करून दुसऱ्या गिरणीला जातात. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, काकी, तूच करून दे. म्हटलं, दिली.

आता तुम्ही विचाराल, सत्तरी उलटलेल्या बाईला लेथ कशाला? आमच्या ह्यांनी तो भंगारवाल्याकडून आणला. म्हणाले, छंद. छंद त्यांचा, साफसफाई माझी. त्यांनी त्याच्यावर एक भोवरा केला, तोही वाकडा फिरायचा, आणि मग बुद्धिबळात गेले. पुसता पुसता मीच चालवायला लागले. ह्याच लेथवर मी एकदा इतका पातळ कट मारला होता की निघालेली भुकटी तीन दिवस हवेतच होती, खाली बसायला तयारच नाही. शेवटी मी रागावले तेव्हा बसली. हसू नका.

तर, टक्. टक्.

पट्ट्याचा सांधा आहे तो. माझ्या लेथला चामड्याचा जुना पट्टा आहे, त्याला शिवण मारलेली आहे, ती शिवण चाकावरून गेली की टक् करते. इतकी वर्षं ऐकतेय, कानात बसलीय. झोपेतसुद्धा वाजते. मी कूस बदलते.

आणि बघते तर ती शिवण नाहीच. यमनाक्का सुपारी कातरतेय.

लेथच्या बेडवर, म्हणजे त्याच्या लांब लोखंडी पाटावर बसलीय, पाय खाली सोडून, लहान पोरीसारखी. मांडीवर पानाचा डबा, हातात अडकित्ता. टक्. माझी थोरली जाऊ, मंदाची आई. दोन वर्षांपूर्वी गेलेली. जिवंत असताना ह्या शेडचा उंबरा एकदाही ओलांडला नाही तिनं. एकदा माझ्या बिडाची काळी भुकटी उडून तिच्या पांढऱ्या कुरडयांवर बसली होती. त्यानंतर मला बघितलं की ती आपलं वाळवण झाकायची.

"आक्का, बेडवर बसू नका. काळं लागंल लुगड्याला."

"मेलेल्याला काय काळं लागतंय गं, धाकटे?"

"मी म्हटलं, तिकडनं कुणी आलंच तर हे येतील."

"त्याला सांगितलं हुतं. तू हो म्होरं, मी आलोच, म्हणाला." ती सुपारीची फोड तोंडात टाकते. "जित्तेपणी कवा येळेवर आला हुता, आता यील?"

मला हसू येतं. तिला येत नाही. ती माझ्याकडे बघतच नाही, मान वळवून पुलीकडे बघतेय. आक्का अशी गप झाली की घरातली मांजरंसुद्धा पलंगाखाली जायची.

"हे कुणाचं काम?"

"मंदाचं. गिरणीला."

अडकित्ता थांबतो.

टक् थांबत नाही.

मी उठून बसते. लेथ फिरतोय. बटण बंद आहे, मला दिसतंय की बंद आहे, तरी पुली सावकाश फिरतेय, आणि आक्का त्याच्या कडेला पाय हलवत बसलीय.

"किती टक् हायत?" ती विचारते.

"एक. पट्ट्याचा सांधा आहे तो, आक्का."

"दोन हायत. नीट ऐक."

"इतकी वर्षं ऐकतेय मी."

"म्हणून तर ऐकू येईना तुला."

मी कान देते. टक्, एक. आणि त्याच्यात मिसळलेलं, दबकं, चोरट्या पावलांसारखं, अजून एक. टिक्. पट्ट्याचं टक् सावकाश आहे. हे दुसरं भरभर आहे. पुलीच्या दर फेऱ्याला एकदा. टूल, म्हणजे कातायची पोलादी सुरी, एका जागी येतं आणि तिथं काहीतरी त्याला अडतं.

"टूलची धार गेली असेल," मी म्हणते.

"काय म्हायती बया," आक्का म्हणते. "मला काय त्यातलं कळतंय."

पत्रे कुठे गेले ते कळत नाही. वर आता कौलं आहेत, धुरानं काळी झालेली. हे आक्काचं स्वैपाकघर. माझा लेथ चुलीच्या जागी उभा आहे, आणि जिथं टूल पकडतात तिथं तिचं उलथनं पकडलेलं आहे. पुली फिरता फिरता तापतेय. आधी काळी, मग जांभळी, मग कडेनं लालसर. तवाच झालाय तिचा. माझ्या हातात तांब्या आहे. पाण्यानं भरलेला. मला काही पाणी ओतायचं नाहीये, पण हात आपला आपण वर चाललाय, मनगट कलतंय, काठाशी थेंब गोळा झालाय.

आक्का माझं मनगट धरते. बर्फासारखा हात.

"तापल्या तव्यावर पाणी?"

हे तिचं जुनं. घरात कुणी गेलं की तव्यावर पाणी टाकतात, एरवी चर्र आवाज घरात होता कामा नये, म्हणायची. मी नवी नवरी असताना एकदा टाकलं होतं, तर दिवसभर देवापुढं दिवा जळत ठेवला होता तिनं.

"मी नाही टाकलं, आक्का. बिडाला मी थेंब लावत नाही. बाकी लोखंडाला तेल-पाणी लागतं, बीड कोरडंच कातायचं असतं. मी मगाशी नुसती रॉकेलच्या चिंधीनं पुसली, तेवढंच."

"तू न्हाईस टाकलं." ती मनगट सोडत नाही. "बीड कुठलं आणलंस?"

"तुमच्याच परसातलं! मंदानंच दाखवलं. न्हाणीमागं पडलं होतं, कुठल्यातरी जुन्या यंत्राचं चाक." आणि मला सांगायचा मोह आवरत नाही, कारण हे माझं आवडतं. "मुरलेलं बीड, आक्का. ताजं ओतलेलं बीड कातलं की नंतर वाकडं होतं. उन्हापावसात वर्षानुवर्षं पडलेलं असलं की शांत होतं. लोणचं आणि बीड, मुरेल तेवढं चांगलं."

"मुरलेलं." ती तो शब्द पानासारखा चघळते. "ते मुरलेलं न्हाई, धाकटे. पोळलेलं हाय."

तव्यावर थेंब पडतो. माझ्या तांब्यातला नाही. वरून, कुठूनतरी.

चर्र.

"तुमी येगळं ऱ्हात हुता तवा," आक्का म्हणते. "न्हाणीतल्या चुलीला तिसरा दगड नव्हता. ते चाक दिलं लावून. त्याच्यावर हंडा. रोज सकाळी हंडा उतू जायचा, रोज. मी मंदाची येणी घालत बसलेली असायची, उठायला उशीर व्हायचा."

चर्र.

"म्हणजे रोज तापायचं आणि रोज..."

"तव्यावर म्या उभ्या जन्मात थेंब पडू दिला न्हाई. पन त्याला तवा कोन म्हणतंय?" तिचा आवाज आता वेगळाच झालाय, बारीक. "दगूड म्हणून ठेवलेलं, दगूडच मानलं."

तापल्या बिडावर पाणी पडत राहिलं की ते आतून तडकतं. चाक पाहिलं तेव्हा मी त्याच्यावरची खरबरीत कातडी बघून खूश झाले होते. म्हटलं काय जुनं आहे! पहिला कट मी खोल मारला. बिडाला पहिला कट खोलच मारायचा असतो, कातडीच्या खालून जायचं, भीत भीत वरवर खरवडलं तर टूल मरतं. खालून कसं चंदेरी निघालं होतं. मी त्याच्यावरून बोट फिरवून स्वतःचंच कौतुक केलं होतं.

"कुठं आहे, आक्का? चीर कुठं आहे? मला दिसली नाही."

"तुला बघायची सवय. वाजवून कवा बगितलंस?"

आम्ही चालतोय. कुंभारगल्ली आहे. दोन्ही बाजूंना माठ, एकावर एक, घामेजलेले, आणि आक्का पुढे. ती माठ असाच घ्यायची, सगळी गल्ली वाजवून. बोट दुमडायचं, मान कलती, डोळे मिटलेले, ओठ जरासे उघडे, जणू ऐकायचं काम तोंडानंच करायचंय. कुंभार वैतागायचे. म्हणायचे, आल्या तबला वाजवायला.

ठण्. पुढे. ठण्. पुढे. ठण्.

शेवटचा माठ माठ नाही. माझी पुली आहे, चुंबळीवर ठेवलेली, चकचकीत, मी घासून घासून आरसा केलेली. तिच्यात माझं तोंड दिसतंय. आक्का डोळे मिटते.

बद्द.

"परत वाजवा."

ती वाजवत नाही.

"आक्का, बोट नीट लागलं नसेल. परत वाजवा ना!"

"माठ फुटला तर पानी जातंय." ती डोळे उघडते. "हे फुटल्यावर काय जाईल?"

पाठीमागे पट्ट्याची फडफड सुरू होते. मी वळते, आणि गल्ली संपलेली असते, मी मंदाच्या गिरणीत उभी असते. डबे घेतलेल्या बायांची रांग. हवेत पीठ. मंदा स्टुलावर चढून वरच्या पेटीत भाजणी ओततेय, केस पिठानं पांढरे, आईसारखीच दिसतेय. आणि तिच्या कानाच्या रेषेत, हातभर अंतरावर, माझी पुली. लेथवर ती बैलगाडीसारखी फिरायची. इथं ती दिसतच नाही इतकी भरभर फिरतेय. नुसती एक चंदेरी धुंद.

टक्. टिक्. टक्टिक्.

"मंदे, खाली उतर!"

आवाज निघतो, हेच नवल. स्वप्नात माझा आवाज कधी निघत नाही.

मंदा वळून बघते. हसते. "काय गं काकी?"

"पुली फुटणार आहे! चीर आहे तिच्यात! तुझ्या आईनं सांगितलं मला."

रांगेतल्या बाया एकमेकींकडे बघतात आणि मग सगळ्या एकदम फिदीफिदी हसतात. एक डब्यावर हात मारून म्हणते, "म्हातारीची नवीन आली गं!"

"काकी, गेल्या महिन्यात तुझ्या शेडमध्ये बिबट्या आला होता," मंदा म्हणते, "आणि तू त्याला बशीत चहा दिलास."

"ते वेगळं!"

"साखर कमी म्हणून परत गेला."

"मंदे, ती थाप होती. ही थाप नाही."

"असं तू तेव्हाही म्हणाली होतीस." आणि ती पुन्हा पेटीवर वाकते. मान खाली. कानामागचा तो भाग, लहानपणी तिला न्हाऊ घालताना मी तिथं तीट लावायचे, तो बरोबर पुलीच्या समोर.

आक्का पिठाच्या पोत्यावर बसलीय. पान लावतेय. पण चुना पानावर कमी आणि लुगड्यावर जास्त सांडतोय.

"आक्का, तुम्ही सांगा तिला! तुमची लेक आहे!"

"माझं तिला ऐकू जात न्हाई. दोन वर्सं हाका मारतीया." ती पान तसंच खाली ठेवते. "तुझं ऐकू जातंय, पन तुझं कोन खरं मानत न्हाई. बरी जोडी जमलीया."

टक्टिक्. टक्टिक्. दोन्ही आवाज एकमेकांच्या जवळ येतायत. दबकं पाऊल आणि मोठं पाऊल, एकाच दाराकडे निघालेली. ते दोन्ही मिळून एक झाले की काय होईल, हे मला माहीत आहे. कसं माहीत आहे ते विचारू नका. मी बटण शोधते. भिंतीवर बटणाच्या जागी आप्प्यांचा तवा टांगलाय. मी पट्ट्याकडे धावते, आणि पाय पिठात गुडघ्यापर्यंत रुततात. पीठ काळं आहे. पीठ नाहीच ते, बिडाची भुकटी आहे, मी आजवर काढलेली सगळी, आणि ती खाली बसायला तयार नाही, वर वर चढतेय.

"मी खोटं बोलते म्हणून मरायचं होय पोरीनं?" मी ओरडते.

"मग बोलू नगंस," आक्का म्हणते. "दाव."

ती डब्यातला सगळा चुना बोटांवर घेते. तीन बोटं. अंगठी घालायची ती, मधलं, आणि तर्जनी. तर्जनीचं टोक नाही, विळीवर गेलेलं, माझ्या लग्नाच्या आधीच. ती उठते आणि सरळ त्या फिरत्या पुलीकडे चालायला लागते, पदर मोकळा सोडलेला.

"आक्का, फिरत्या कामाला हात लावायचा नसतो! पदर! आक्का, पदर आवरा!"

ती मागं बघते. पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघते.

"शानी हायस तू," ती म्हणते. "एवढं कळतंय तुला, मग वाजवून का बगत न्हाईस गं?"

आणि ती हात घालते.

टक्.

एकच.

---

टक् टक् टक्. दाराची कडी.

"काकी! अगं, आहेस का आत?"

मी खाटेवर आहे. वर पत्रे आहेत. ऊन उतरून शेडच्या अर्ध्यात आलंय. लेथ उभा आहे, बंद. पट्टा ढिला. पुली चकमध्ये, मी ठेवली तशीच.

तशीच नाही.

पुलीच्या तोंडावर, जिथं मी सगळ्यात सफाईनं कातलंय तिथं, पांढरे पट्टे ओढलेत. तीन. दोन लांब आणि एक अर्ध्या बोटाएवढा आखूड. जवळ जाते. चुन्याचा वास. पट्ट्यांच्या मधून एक काळसर रेघ वर आलीय, केसासारखी, भोकापासून सुरू होऊन कडेकडे गेलेली. मी पुसलेलं रॉकेल त्या रेघेत शिरून बसलं होतं, ते आता चुन्यात उमटतंय, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती रेघ थोडी अजून पुढं सरकते.

मी माझे हात बघते. काळे. जेवणाआधी धुतले तरी नखांत बसलेली ती काळी भुकटी जशीच्या तशी. पांढरा ठिपका नाही, शोधूनही नाही.

कडी वाजते. मी दार उघडते. मंदा आत येते, हातात वायरची पिशवी, जड पुली न्यायला म्हणून खाली फळी घातलेली.

"झाली का गं? उद्यापासून चालू करते म्हणून सगळ्यांना सांगून आलेय."

मी तोंड उघडते. सांगायचं सगळं जिभेवर आहे. आक्का, अडकित्ता, न्हाणीची चूल. आणि माझं मलाच ऐकू येतं, ते कसं वाटेल ते. बिबट्याची धाकटी बहीण वाटेल. आयुष्यात पहिल्यांदा एक खरी गोष्ट हाताला लागली आणि ती माझ्याच तोंडात आली!

मी तोंड मिटते. चक ढिला करते. किल्ली दोनदा निसटते. पुलीच्या भोकातून दोरी ओवते आणि तिला छताच्या हुकाला टांगते. मंदा बघत राहते. तिला वाटतं मी मिरवायला टांगलीय.

"चकचकीत केलीस की," ती म्हणते. मग नाक वर करते. "काकी, पान खायला लागलीस?"

मी तिच्या हातात चकची किल्ली देते.

ती चुन्याच्या पट्ट्यांकडे बघते. त्या आखूड पट्ट्याकडे जरा जास्त वेळ. किल्ली उचलते, मान एका बाजूला कलते, डोळे मिटतात, ओठ जरासे उघडतात. हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

बद्द.

शेडमध्ये तेवढाच आवाज. पुली दोरीवर हळूच हलते.

मंदा डोळे उघडत नाही. किल्ली तशीच हातात, मान तशीच कलती, जणू अजून काहीतरी ऐकू यायचं राहिलंय. मग बारीक आवाजात म्हणते, "ही नको, काकी."

"नको," मी म्हणते.

ती पुढे होते आणि त्या आखूड पट्ट्याला आपली तर्जनी लावते. बोट उचलून माझ्यासमोर धरते.

चुना ओला आहे.